लोरेनची न झालेली चूक

लोरेन एंटविसल सत्तेचाळीस वर्षांची होती आणि अप्रेंटिस होती. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की ऐकणारा आधी हसायचा, मग भानावर येऊन "छान, छान" म्हणायचा. इंग्लंडातल्या लँकशायरचा माणूस एकदा छान म्हणाला तर ते खरं असतं. दोनदा म्हणाला की समजावं, याला हे अजिबात पटलेलं नाही.

खाडीकाठची ऑसमंड अँड पाइक ही कंपनी पित्ताच्या गोळ्या बनवते. गावातल्या निम्म्या घरांत तिचा पगार येतो आणि उरलेल्या निम्म्या घरांत तिच्या गोळ्या जातात. शाळा सुटल्यापासून लोरेन तिथे पॅकिंगला होती. पट्ट्यावरून पाकिटं यायची, लोरेन ती खोक्यात भरायची आणि शेजारी उभी असलेली जॅकी बर्च बोलायची. पट्टा बंद पडला तरी जॅकी बंद पडत नसे. तिच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी तिला सांगितलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत गेटवरच्या पहारेकऱ्याला माहीत झालेली असायची. पण जीव लावावा तर जॅकीनंच. लोरेनच्या पोरीला कांजिण्या झाल्या तेव्हा हिनं रजा काढली होती, आणि तीही आपण आजारी असल्याचं सांगून.

मग सरकारला सुबुद्धी झाली. मोठ्या कंपन्यांकडून माणसं शिकवण्यासाठी म्हणून कर कापायचा, कंपनीनं तो आपल्याच माणसांच्या शिक्षणावर खर्च करायचा, आणि नाही केला तर सरकारनं गिळून टाकायचा, असा कायदा निघाला. ऑसमंड अँड पाइकच्या साहेब लोकांना शिक्षणाचा पुळका कधीच नव्हता, पण आपला पैसा दुसऱ्यानं गिळावा हे त्यांना बघवेना. शोधाशोध सुरू झाली. लोरेनला शाळेत केमिस्ट्रीत चांगले मार्क होते आणि पुढे शिकायच्या वेळी ती गरोदर होती, हे कुणाला तरी आठवलं. झालं. आठवड्यातले चार दिवस लॅबमध्ये काम, एक दिवस विद्यापीठाचा अभ्यास, शिवाय पगार, आणि शेवटी विज्ञानाची डिग्री. तोंडी परीक्षा चांगली झाली तर लॅबमध्ये कायमची नोकरी.

"तू, आणि पांढरा कोट?" तिचा नवरा टेरी म्हणाला. तो बस चालवायचा. "मग संध्याकाळचा चहा कोण करणार?"

"इतकी वर्षं जो आयता पीत होता तो," लोरेन म्हणाली.

तिला ती नोकरी हवी होती. पगार तर हवाच होता, पण त्याहून जास्त हवं होतं ते वेगळंच. लॅबच्या काचेच्या दारातून आतल्या माणसांकडे बघत बघत तिची अर्धी हयात गेली होती. त्या दारातून हक्कानं आत जायचं, आणि कुणी "काय हवंय?" असं विचारायचं नाही. लाज वाटावी इतकं तिला ते हवं होतं, म्हणून ती ते कुणालाही सांगत नसे.

पहिल्याच आठवड्यात फोटो काढणारा आला. लॅबमधले सगळे द्राव पाण्यासारखे दिसतात हे बघून तो हिरमुसला. मग कुणीतरी बाटलीत निळी शाई ओतली आणि लोरेननं गॉगल चढवून त्या शाईकडे असं पाहिलं, की जणू त्यात कर्करोगाचं औषध सापडलंय. ते चित्र गेटवर लागलं. खाली लिहिलं होतं, "आम्ही माणसं घडवतो."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं काय ठोकळे होतो?" जॅकीनं विचारलं. मग चित्राकडे बघून म्हणाली, "पण दिसतेस मात्र झकास, बये. काही कळतंय की काय असं वाटतं."

लॅबमध्ये एक रीत होती. ज्याच्या हातून चूक होईल त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी केक आणायचा. बाटली फुटली, केक. आकडा चुकीच्या रकान्यात गेला, केक. लॅब अशी गुटगुटीत माणसांची होती. लोरेननं मात्र केक कधी आणलाच नाही. एक तर तिला सुरुवातीचे कित्येक महिने भांडी विसळणं आणि फोटोला उभं राहणं याखेरीज काही करूच दिलं नव्हतं. दुसरं म्हणजे, काम हातात आल्यावर ती ते तीन तीनदा तपासायची. पॅकिंगमधून आलेली बाई चुकली असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी ती जीव टाकायची. आणि दुसऱ्यांच्या चुकांचे केक खाताना तिच्या तोंडावर एक बारीकसं हसू असायचं. ते तिनं लपवायला हवं होतं. लॅबमध्ये तिला कुणी वाईट वागवलं नाही, पण शुक्रवारी सगळी पबमध्ये जायची तेव्हा तिला विचारायचं नेमकं राहून जायचं.

तिला मार्गदर्शन करायला डॉक्टर इमोजेन फेअरक्लफ होती. डॉक्टर म्हणजे पीएच.डी.वाली. वयानं लोरेनच्या पोरीएवढी, स्वभावानं गोड, आणि तक्त्यांवर भलताच विश्वास. अप्रेंटिसच्या अंगी जे जे गुण यायला हवेत त्यांचा एक तक्ता असतो, आणि प्रत्येक गुणासमोर पुरावा लागतो. शेवटच्या वर्षीच्या सप्टेंबरात इमोजेननं तो उघडला आणि तिचा चेहरा पडला.

"लोरेन, सगळं भरलंय गं. एकच रकाना रिकामा आहे. 'स्वतःच्या चुकीतून शिकले.'"

"मी चुकलेच नाही."

"हो, ते आहेच. पण मग तू शिकलीस कशातून?"

"न चुकता शिकले."

इमोजेननं सहानुभूतीनं मान हलवली. "तसा रकाना नाहीये. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक येतो, तो हा प्रश्न हमखास विचारतो. माणूस चुकलाच नाही म्हणाला की त्याला वाटतं, हा लपवतोय. गेल्या खेपेला एक पोरगा त्यातच नापास झाला. आठव ना काहीतरी. छोटंसं चालेल."

"आणि नसेलच तर?"

"असतंच," इमोजेन म्हणाली. मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "आणि नसेल, तर असू शकलं असतं असं काहीतरी."

हे बोलताना तिच्या डोक्यामागे भिंतीवर कंपनीचा फलक होता. 'जे घडलं तेच नोंदवा. जे घडलं नाही ते नोंदवू नका.' लोरेन तो फलक बघत राहिली. इमोजेनची पाठ होती त्याच्याकडे, तिला बिचारीला काय दिसणार!

ऑक्टोबरात रंगीत तालीम ठरली. इमोजेन परीक्षक झाली, आणि शोभेला म्हणून क्वालिटी खात्याचे प्रमुख मॅल्कम थ्रेलफॉल येऊन बसले. थ्रेलफॉल साठीला आलेले, अत्यंत सभ्य. कुणाच्याही अंत्यविधीला शोभून दिसावेत असे. बिस्किट चहात बुडवायचं ते सुद्धा चारचारदा इकडेतिकडे बघून.

चुकीचा प्रश्न आला. लोरेननं घरी ठरवून ठेवलेलं सांगितलं. तुलनेसाठी लागणारी शुद्ध पावडर फ्रिजमध्ये ठेवतात. तिची कुपी बाहेर काढली की लगेच उघडायची नसते, खोलीत ठेवून ऊबदार होऊ द्यायची असते, नाहीतर हवेतली वाफ आत धरते आणि वजन खोटं येतं. लोरेन म्हणाली, "या वर्षाच्या सुरुवातीला एकदा मी थांबले नाही. कुपी थंडच उघडली. नंतर माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून मी कधीही थांबल्याशिवाय उघडत नाही."

इमोजेनचा चेहरा उजळला. थ्रेलफॉलांचं बिस्किट चहातच राहिलं.

"नंतर म्हणजे कधी लक्षात आलं?" त्यांनी मृदू आवाजात विचारलं.

"नंतर... बरंच नंतर."

"कळवलंत कुणाला?"

"नाही." आणखी काय म्हणणार? कळवायला काही घडलं तर पाहिजे!

"कुठल्या मालाची तपासणी होती ती?"

"आठवत नाही."

बिस्किट तुटून कपाच्या तळाला गेलं. थ्रेलफॉल म्हणाले, "धन्यवाद, लोरेन. हे फार मोलाचं आहे." त्यांनी इतक्या मनापासून काही बोललेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

औषध कंपनीत एकदा चूक कानावर पडली की ती चौकशीवाचून परत जाऊ शकत नाही. कुठला माल ते लोरेनला आठवत नाही, म्हणजे कुठलाही असू शकतो, म्हणजे सगळाच. त्याच पावडरवरून तपासलेला गोदामातला सगळा माल संध्याकाळपर्यंत अडकवला गेला. समिती बसली. सॅंडविचं आली. ती खाताना एकानं शंका काढली, की हे खरंच घडलं का हे आधी बघायला नको का? त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं आणखी एक सॅंडविच घेतलं.

आणि घडलं नव्हतं तरी पुरावे सापडू लागले. फ्रिज वजनकाट्याच्या फारच जवळ आहे, त्यामुळे माणसाला घाई करायचा मोह होतो, असं एकाला जाणवलं. दुसऱ्याला त्या काळातल्या आकड्यांत 'किंचित ओलसर कल' दिसला. इमोजेनला विचारलं तेव्हा ती घुटमळली. मार्गदर्शिका असून तुला काहीच कसं दिसलं नाही, असा रोख होता. तेव्हा तिला आठवलं, की हो, लोरेन एकदा कुपी हातात धरून जरा गडबडीत दिसली होती खरी. मूळ कारण ठरलं: मानवी चूक. उपाय ठरला: फ्रिज खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्यावर 'थांबा' अशी लाल पाटी, आणि समस्त लॅबला पुन्हा प्रशिक्षण. मुख्य कचेरीनं थ्रेलफॉलांच्या दक्षतेची वाखाणणी केली.

लोरेननं केक आणला. लिंबाचा, स्वतः भाजलेला. लॅबमध्ये असा आनंद कधी झाला नव्हता. "अखेर चुकली बाबा!" कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. त्या शुक्रवारी तिला पबमध्ये बोलावणं आलं. ती गेली, हसली, दोन ग्लास सफरचंदाचं सायडर प्याली. खोटं कशाला सांगायचं, तिला बरं वाटलं. घरी येऊन मात्र ती बाथरूममध्ये जाऊन रडली, आणि टेरीला सांगितलं की सायडर बाधलं.

इथवर सगळी गंमतच होती. पण अडकलेला माल समितीनं 'खबरदारी म्हणून' नष्ट करायचा ठरवला. माल पुन्हा तपासला होता आणि तो उत्तम निघाला होता. पण उत्तम निघालेला माल विकला तर मग चौकशी कशासाठी केली असं कुणी विचारलं असतं. नाताळ तोंडावर. या देशात टर्की आणि पुडिंग हादडून सगळ्यांना पित्त होतं ते नेमकं तेव्हाच, आणि पॅकिंगच्या बायकांना जादा शिफ्ट मिळतात त्याही तेव्हाच. भरायला मालच नाही म्हटल्यावर शिफ्ट रद्द झाल्या. कुणाच्या पोरांच्या सायकली राहिल्या, कुणाचा बॉयलर थंडच राहिला.

कँटीनमध्ये लोरेन आली की पॅकिंगच्या टेबलावर बोलणं थांबायचं. एकटी जॅकी भांडत होती.

"लोरेन? कुपी न थांबता उघडली? अगं ही बाई घराला कुलूप लावून कोपऱ्यावरनं परत येते बघायला! ही नाही चुकायची. लॅबमधल्या कुणा दिवट्यानं केलंय आणि हिच्या गळ्यात मारलंय, लिहून ठेवा." मग तिनं लोरेनला कोपऱ्यात गाठलं. "तू फक्त मला सांग, कुणी केलं. मी बघते त्याच्याकडे."

लोरेनला सांगता येईना. जॅकीला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. आणि सांगणार काय? की कुणीच काही केलं नाही? चूक झाली म्हणून शिफ्ट गेल्या, हे बायका एक वेळ सोसतील. एक रकाना भरायचा होता म्हणून गेल्या, हे कुणी सोसावं?

ती थ्रेलफॉलांकडे गेली. दार लोटून उभ्या उभ्याच म्हणाली, "ते घडलंच नाही. मी बनवून सांगितलं. माल चांगला आहे, नष्ट करू नका."

थ्रेलफॉलांनी तिला बसवलं. चहा करून दिला. मग अतिशय मायेनं म्हणाले, "घडलंच नाही म्हणता? मग आम्ही मूळ कारण शोधलं ते कशाचं?"

"तेच तर म्हणतेय मी."

"लोरेन, चौकशी बंद झाली आहे. वरपर्यंत गेली आहे. फ्रिज हलवलेला आहे." फ्रिज हलवला म्हणजे आता देव आला तरी काही होणार नाही, असा त्यांचा सूर होता. "आणि नीट विचार करा. तुम्ही चुकलात, तर ती मानवी चूक. प्रशिक्षण झालं, विषय संपला. पण तुम्ही खोटं बोललात, तर ते गैरवर्तन. त्याला प्रशिक्षण नसतं. त्याला दरवाजा असतो. आता तुम्हीच सांगा, काय झालं होतं?"

लोरेननं चहा प्यायला. चहा चांगला होता. "विचार करते," ती म्हणाली आणि उठली. दुसऱ्या दिवशी माल भट्टीकडे गेला.

डिसेंबरात खरी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक एक उंच गृहस्थ होते, लीड्सहून गाडी चालवत आलेले, नाव डेस्मंड क्रॅब्ट्री. लोरेननं आदल्या संध्याकाळी ठरवून टाकलं होतं. आपल्या हातून खरीखुरी एकच चूक झाली, तीच सांगायची. मग नोकरी जावो नाहीतर राहो. हे ठरल्यावर तिला छान झोप लागली होती.

प्रश्न आला. लोरेननं सांगायला सुरुवात केली. रकाना कसा रिकामा होता, तिनं गोष्ट कशी रचली, माल कसा जळाला, बायकांच्या शिफ्ट कशा गेल्या. ती मधे कुठेच थांबली नाही. क्रॅब्ट्री ऐकत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"फार प्रामाणिक उत्तर आहे," ते म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. "अडचण एवढीच आहे, की मला याला गुण देता येत नाहीत. प्रश्न प्रयोगशाळेतल्या तांत्रिक चुकीबद्दल आहे. हे जे तुम्ही सांगितलं ते... वेगळं आहे. आणि हे मी नोंदवलं तर मला तुमच्या कंपनीला कळवावं लागेल, विद्यापीठाला कळवावं लागेल, मग तुमची डिग्रीच राहणार नाही." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना धुकं पडायच्या आत लीड्स गाठायचं होतं. "मी हे ऐकलं नाही असं समजू या. प्रश्न पुन्हा विचारू का?"

लोरेननं मान वळवली. काचेच्या दारापलीकडून इमोजेन दोन्ही अंगठे वर करून दाखवत होती. या बाईची पाच वर्षं त्या दाराच्या अलीकडे गेली होती. आता ते दार बाहेरून बघायचं, तेही जन्मभर. खरं एकदा बोलून झालं होतं. ते कुणालाच नको होतं.

"विचारा," ती म्हणाली.

मग तिनं कुपीची गोष्ट सांगितली. या खेपेला अशी सांगितली की काही विचारू नका. कुपीच्या झाकणावरचं दव, बोटांना लागलेला गारवा, लक्षात आल्यावर पोटात पडलेला खड्डा. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते दिसायला लागलं. क्रॅब्ट्रींनी भराभर लिहून घेतलं.

नाताळच्या आधी निकाल आला. लोरेन विशेष प्रावीण्यासह पास. कँटीनमध्ये छोटासा समारंभ झाला, पॅकिंगच्या बायकांना टाळ्या वाजवायला बोलावलं होतं. नाताळच्या गोड करंज्या म्हणावेत असे मिन्स पाय होते, कागदी टोप्या होत्या. थ्रेलफॉल लाल कागदी टोपी घालून उभे राहिले आणि परीक्षकांचा अभिप्राय त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. "'कुपी थंड असताना उघडल्याची स्वतःची चूक उमेदवारानं ज्या निर्भीडपणानं आणि बारकाव्यानिशी मांडली, तसा सच्चेपणा मी क्वचितच पाहिला आहे.'"

टाळ्या झाल्या. जॅकीच्या हातातला मिन्स पाय तोंडापर्यंत जाऊन थांबला. ती लोरेनकडे बघत राहिली. मग गर्दीतून वाट काढत आली, टोपी कानावर कलंडलेली.

"तू केलंस?"

थ्रेलफॉल कप घेऊन हाताच्या अंतरावर उभे होते.

"हो," लोरेन म्हणाली. "माझ्याच हातून झालं."

जॅकी बोलेना. पट्टा बंद पडला तरी न थांबणारी बाई उभीच राहिली. "मी ग्लेंडाशी बोलणं टाकलंय, तूच केलंस म्हणाली म्हणून," ती शेवटी म्हणाली. "सख्खी नणंद माझी. नाताळचं जेवण तिच्याकडे असतं."

"जॅकी, मी..."

"मला सांगायचंस की गं! मी काय खाल्लं असतं तुला?" जॅकीचे डोळे भरून आले. तिनं लोरेनला गच्च मिठी मारली, केसांत मिन्स पायचा चुरा सांडत. "घाई झाली असेल तुला. शिकाऊ होतीस. होतं माणसाकडून." मग मिठी न सोडताच ती बाकीच्या बायकांकडे वळून ओरडली, "कबूल केलंय तिनं, ऐकलंत ना? आता पुन्हा कुणी हिला काही बोललं तर माझ्याशी गाठ आहे!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकेक जण पुढे आली. जिचा बॉयलर थंड होता ती पहिली. प्रत्येकीनं लोरेनचा हात हातात घेतला, खांद्यावर थोपटलं, जाऊ दे म्हणाली, आणि लोरेन प्रत्येकीला थँक यू म्हणत राहिली.